घशाचा काय दोष

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली जी मराठी घरं अजून मुंजी-लग्नात पंगत मांडतात, त्या घरांतून पद्माताईंना खास बोलावणं असायचं. स्वयंपाकासाठी नव्हे, वाढपासाठीही नव्हे, आग्रहासाठी. बाकीचं शहर केव्हाच ताटली हातात धरून उभ्यानं जेवायला शिकलं होतं. पण ही मंडळी कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून दरबाराच्या मागोमाग आलेली. दरबार गेला, मुलं बँकांत आणि कंपन्यांत चिकटली, तरी पाटावर मांडी घालून जेवण्याचा ताठा काही गेला नव्हता. आणि पंगत म्हटली की आग्रह करणारं माणूस लागतंच. पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारायचा, गळ्याची शपथ घालायची आणि घास थेट तोंडात भरवायचा, ही पद्माताईंची पद्धत. जावई रडकुंडीला यायचे, व्याही पळ काढायचे. साठी उलटली तरी पद्माताईंना या गोष्टीचं कोण कौतुक.

याच आग्रहापायी दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेच्या जिवावर बेतलं होतं. आणि नेमकं कसं बेतलं, ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

शंतनुच्या लग्नाची पंगत होती. नवी नवरी प्रांजली, माहेर उज्जैनचं, शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी, हसरी मुलगी. नाव घेऊन झालं, शंतनुनं तिला श्रीखंड-पुरीचा घास भरवला. ती तो चावत होती, कोणाच्या तरी थट्टेवर हसत होती, तेवढ्यात पद्माताई मागून आल्या. हातात अख्खा गुलाबजाम. प्रांजलीनं 'थांबा' म्हणून हात वर केला. तोंड भरलेलं, बोलायची सोय नव्हती. पद्माताईंनी तो हात मनगटाशी धरून खाली दाबला, "सासूच्या हातचं नाही म्हणायचं नसतं," असं हसत म्हणाल्या आणि गुलाबजाम आत सरकवला.

पुढचं अर्धं मिनिट त्यांच्या डोळ्यांसमोरून कधी हललं नाही. नथीखालचे ओठ निळे पडत गेले. आवाज नाही, खोकला नाही, नुसते विस्फारलेले डोळे. मग कोणीतरी पोरीला पुढे वाकवून पाठीत चारपाच सणसणीत थापा मारल्या आणि गुलाबजाम बाहेर पडला. बायका धावल्या, पाणी आलं, पदरानं वारा घातला गेला. प्रांजली रडायला लागली तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"काय झालं, काय झालं," जो तो विचारू लागला. आणि पद्माताईंच्या तोंडून निघून गेलं, "हसता हसता लागला घास. घसा नाजूक दिसतोय हो पोरीचा."

खोटं बोलायचं असं ठरवून त्या बोलल्या नव्हत्या. जीभ आपली सोयीच्या बाजूला वळली. पण तिथेच थांबल्या असत्या तरी चाललं असतं. संध्याकाळी त्यांनी विहीणबाईंना गाठून विचारलं, हिला लहानपणी कधी असं झालं होतं का? त्या बिचाऱ्या आठवून आठवून म्हणाल्या, पाच वर्षांची असताना पेरूची फोड अडकली होती खरी एकदा. बुडत्या पद्माताईंना काडीचा आधार मिळाला. 'आधीपासूनच आहे तिला' हे वाक्य त्या दिवसापासून घरात कायमचं राहायला आलं. लग्नाचा व्हिडिओ आला तेव्हा तो त्यांनी आधी एकटीनं पाहिला आणि 'अशुभ दिसतं' म्हणून तेवढा तुकडा कापायला लावला. सगळं चित्रण असलेला पेन ड्राइव्ह मात्र टाकवला नाही. तो देवघराखालच्या खणात पडून राहिला. का ठेवला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

प्रांजलीनं आधी पोळी सोडली, मग भाजीतल्या फोडी, मग भात. वर्षभरात ती पातळ वरण, ताक आणि गाळलेल्या खिचडीवर आली. लग्नात छपन्न किलो असलेली मुलगी बेचाळीसवर उतरली. कंपू भागातल्या एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, एक्स-रे काढला, आणि सांगितलं, घसा स्वच्छ आहे, अन्ननलिका चांगली मोकळी आहे, हे सगळं भीतीचं आहे. दुसऱ्या एखाद्या घरात याचा अर्थ 'नखरे' असा झाला असता. पद्माताईंनी तो होऊ दिला नाही. सुनेला कोणी काही बोललं की त्या वाघिणीसारख्या अंगावर जायच्या.

आणि त्यांनी स्वतःसाठी एक शिक्षा शोधून काढली. दाना ओली या गल्लीतल्या त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर सकाळी सहाला मिक्सर सुरू व्हायचा. वरण दोनदा गाळायचं, खिचडी वाटून पुन्हा चाळणीतून काढायची, शाळेत न्यायला थर्मास भरायचा. खालच्या दुकानातून बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, तळल्याचा वास वर आला की प्रांजली खिडकी लावून घ्यायची. ती जेवायला बसली की पद्माताई शेजारी पाण्याचा पेला घेऊन बसायच्या, दर घोटाला तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, सासू असावी तर अशी. शेजारच्या शालिनीताईंनी तर एकदा सगळ्यांसमोर कानशिलांवर बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली. पद्माताई त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिल्या.

मग शंतनुनं कुठून तरी विनिता नावाच्या समुपदेशक बाईंचा पत्ता आणला. "आई, ये गोळ्या-वोळ्यांनी नहीं होगा. कंपूत एक मॅडम आहेत, फक्त भीतीवर काम करतात. तू पण चल, घरच्यांना बोलावलंय त्यांनी."

विनिता फौजी मराठा घरातली, चाळिशीची बाई, गोडगोड बोलण्याच्या भानगडीत न पडणारी. तिनं एका कोऱ्या कागदावर डोक्याचं चित्र काढलं आणि आत मध्यभागी एक लहानसा ठिपका दिला.

"हा बदामाएवढा भाग. याचं काम काय, तर धोका ओळखायचा आणि घंटा वाजवायची. हा विचार नाही करत. याला भाषा पण नाही येत. तुम्ही याला लाख समजवा की रिपोर्ट नॉर्मल आहे. तो रिपोर्ट वाचतच नाही. त्याला फक्त अनुभव समजतो."

"पण मॅडम, माझा घसा सच में बंद होतो," प्रांजली म्हणाली. "मी नाटक नाही करत."

"होतोच. कोण म्हणतं नाटक आहे? भीती वाटली की तोंड कोरडं पडतं, गळ्याचे स्नायू आवळतात. मेंदूनं घंटा वाजवली म्हणून घसा आवळला, आणि घसा आवळला हे बघून मेंदू म्हणतो, देखा, मी सांगत होतो ना. मग तुम्ही घास बाजूला ठेवता. जिवंत राहता. मेंदू काय शिकतो? टाळलं म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी तो आणखी जोरात घंटा वाजवतो."

प्रांजली कागदाकडे टक लावून बघत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी तिच्या घशाला दोष न देता तिच्याशी बोलत होतं.

विनितानं मान वळवली. "काकू, वरण कोण गाळतं?"

"मीच," पद्माताई म्हणाल्या. जरा अभिमानानंच म्हणाल्या.

"आणि पाण्याचा पेला?"

"तोही मीच धरते."

"वाईट नका वाटून घेऊ. प्रेमानं करता तुम्ही. पण रोज गाळणी समोर आली की हिचा मेंदू म्हणतो, धोका खराच आहे, नाहीतर आई एवढ्या कशाला राबतील? तुमची मदत त्याच्यासाठी साक्ष आहे. हळूहळू बंद करायला लागेल."

केलेल्या पापाची भरपाई म्हणून जे दोन वर्षं रेटून केलं, त्यानंच पोरीची भीती पोसली होती. आधी आग्रहानं घास कोंबला आणि मग काळजीनं तो तोंडातून काढून घेतला. दोन्ही वेळा लोकांनी कौतुकच केलं.

विनितानं एक शिडी आखून दिली. आधी घट्ट वरण, मग मऊ भात, मग केळं, मग चहात बुडवलेलं बिस्किट, मग फुलका, आणि अगदी वर, प्रांजलीनं स्वतः लिहिलेली, गल्लीतली बेडई. दर पायरीवर घाबरायचं, पण पळायचं नाही. घंटा वाजू द्यायची आणि ती आपोआप दमून थांबते हे मेंदूला दाखवायचं. घोटाघोटाला पाणी नाही, पाठीवर हात नाही. वरण, भात, केळं जमलं. बिस्किट रडतरडत जमलं. फुलक्याशी गाडी अडली ती अडलीच. तीन आठवडे प्रांजली एवढासा तुकडा चघळायची आणि रुमालात काढून ठेवायची. वजन पुन्हा उतरायला लागलं. डॉक्टरांनी बजावलं की चाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल.

त्या आठवड्यात विनितानं प्रांजलीला म्हटलं, "त्या दिवशीचं सांग. पहिल्यापासून, जसं आठवेल तसं."

प्रांजलीनं डोळे मिटले. "मी हसत होते. आईंनी प्रेमानं गुलाबजाम भरवला. माझ्याच्यानं गिळला नाही गेला. आईंच्या हातचं सगळे खातात, कोणाला काही नाही होत. माझ्यातच फॉल्ट आहे. लहानपणापासून."

"तोंडात आधीचं काही होतं?"

"समजून नाही येत. हसत होते एवढंच आठवतं."

"ठीक आहे. घाबरलेला मेंदू सगळं नीट नाही ठेवत. एखादी गोष्ट पक्की कोरतो, बाकीची सोडून देतो. सुटलेली जागा मग आपण इकडून तिकडून ऐकलेल्यानं भरतो." विनिता पद्माताईंकडे वळली. "काकू, तुम्ही तर अगदी जवळ होता. तुम्हाला काय आठवतं?"

पद्माताईंना सगळं आठवत होतं. त्या मनगटाचं हाड बोटांखाली किती बारीक लागलं होतं, तेसुद्धा.

"हसता हसता लागला," त्या म्हणाल्या.

विनितानं ते लिहून घेतलं. "मी का विचारते सांगू? फरक पडतो. बाहेरून काही झालं असेल तर मेंदूला शिकवता येतं की ते त्या दिवशी झालं, त्या दिवशीच संपलं. पण हिच्या लेखी हिचा घसाच चोर आहे. चोर चोवीस तास बरोबर राहतोय. पळणार कुठे ही?"

ई-रिक्षा फूलबागेवरून परत निघाली. प्रांजली म्हणाली, "आई, ते पेरूचं बरं झालं तुम्ही माझ्या आईला विचारलंत. नाहीतर मला कधी कळलंच नसतं की हे इतकं जुनं आहे."

पद्माताईंनी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली होती. छातीत धडधडायला लागलं, हातांना घाम फुटला. त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि म्हणाल्या, "ऊन फार आहे आज." म्हणाल्या आणि एकदम मोकळं वाटलं. धडधड थांबली.

त्या मोकळेपणाची त्यांना तिथल्या तिथे किळस आली. कारण आता त्यांना विनिताचा कागद वाचता येत होता. सांगायची वेळ आली की घंटा वाजते, सांगायचं टाळलं की सुटका होते, आणि मेंदू शिकतो की नाही सांगितलं म्हणून वाचलो. दोन वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. सांगितलं तर शंतनु तोंड बघणार नाही, सून घर सोडून जाईल, चारचौघांत नाचक्की होईल, ही त्यांची भीती. सुनेला निदान ठाऊक तरी होतं की आपण भितो आहोत. पद्माताई मात्र आपल्या भित्रेपणाला प्रेम म्हणत आल्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी रमाकांतरावांना सांगितलं. नवऱ्याला सांगणं ही शिडीची पहिली पायरी, असं त्यांनी मनाशी धरलं. रमाकांतरावांनी पेपर खाली केला आणि चष्मा काढला.

"मला माहीत आहे. मी समोरच्या ओळीतच बसलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. मग थांबायची सवयच झाली." चष्मा पुसत ते म्हणाले, "माझंही चुकलंच, पद्मा."

रविवारी दुपारी पद्माताईंनी खणातून पेन ड्राइव्ह काढला. शंतनु आणि प्रांजली बाहेरच्या खोलीत होते. पद्माताईंच्या तोंडात कोरड पडली होती. घंटा वाजू दे, त्या स्वतःला म्हणाल्या, आणि जाऊन पेन ड्राइव्ह लॅपटॉपशेजारी ठेवला.

"लग्नाचं आहे. मी कापायला लावलेलं. बघ तू," त्या प्रांजलीला म्हणाल्या. "मी तुझ्याशी खोटं बोलले. तुझा घसा नाजूक नाहीये."

चित्र सुरू झालं. सनई, पानं, हसणं. शंतनुनं भरवलेला घास, फुगलेला गाल. मागून हिरव्या शालूतल्या पद्माताई. वर आलेला प्रांजलीचा हात, पंजा उघडा, अगदी स्पष्ट. तो हात धरून खाली नेणारा दुसरा हात. आणि मग ते सगळं.

"आई, ये क्या है," शंतनु उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तूने कटवा दिया था? दोन वर्षं आम्ही हिला दवाखाने फिरवतोय, आणि तुला माहीत होतं?"

"हो."

"और वो अमरूद की कहानी?"

"ती मीच घरभर केली."

तो पुढे काही बोलणार होता, पण प्रांजलीनं त्याला बसवलं. तिनं चित्र मागे नेलं आणि पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. पद्माताईंना वाटलं होतं, ती त्यांच्याकडे बघत असेल, त्यांच्या त्या हसऱ्या तोंडाकडे. पण प्रांजली फक्त आपल्या हाताकडे बघत होती. चौथ्यांदा तिनं चित्र तिथेच थांबवलं.

"मी नको म्हणत होते," ती हळू म्हणाली. "मला कळलं होतं. तोंड भरलंय हे मला बिलकुल बरोबर कळलं होतं."

"हो गं," पद्माताई म्हणाल्या.

"दोन वर्षं मी मोबाइलचा टॉर्च लावून आरशात घसा बघते, आई. रोज. कुठे बारीक आहे ते शोधते. तुम्ही बघितलंय मला बघताना."

पद्माताईंनी बघितलं होतं. कितीदा तरी त्या मागून येऊन म्हणाल्या होत्या, जपून खायचं बाळा, आपला घसा आपल्याला माहीत. आता त्यांचा बांध फुटला. त्या खाली बसल्या, पदर तोंडात धरून हुंदके द्यायला लागल्या. माफीचे शब्द एकात एक अडकत होते.

प्रांजली त्यांच्याकडे बघत राहिली. तिचेही डोळे भरले होते, पण ती जागची हलली नाही.

"रडू नका," ती म्हणाली. "तुम्ही रडलात की मला तुमच्याकडे बघावं लागतं. मग माझं राहून जातं. दोन वर्षं तेच झालंय."

त्यानंतर आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. शंतनु आईशी तेवढंही बोलला नाही. प्रांजली विनिताकडे एकटीच गेली, दोनदा. तिथे काय बोलणं झालं ते पद्माताईंनी विचारलं नाही, विचारायचा हक्क आपण गमावला आहे एवढं त्यांना कळत होतं. सकाळी सहाला जाग यायची, हात सवयीनं चाळणीकडे जायचे. "गाळू नका," प्रांजलीनं सोमवारीच सांगितलं होतं, तेवढंच. मग त्या रिकाम्या ओट्यापाशी उभ्या राहायच्या. शिक्षा केली की निदान हाताला काम असतं. आता तेही नव्हतं आणि मनातलं मनातच दिवसभर फिरत राहायचं.

नवव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दुपारी प्रांजली स्वयंपाकघरात आली. तिनं स्वतः एक फुलका भाजला, ताटलीत घेतला, बाजूला थोडी दुधी भोपळ्याची भाजी.

"आई, तुम्ही बाहेर जा. दार ओढून घ्या. आणि काहीही ऐकू आलं तरी आत नका येऊ. मॅडमनी सांगितलंय, तुम्ही जवळ असलात की मला आतून वाटतं की कोणीतरी वाचवायला पाहिजे. मला एकटीनं करायचंय."

"आणि लागला तर गं?"

"तर मी खोकेन. खोकला येतो मला."

पद्माताई बाहेर आल्या. दार ओढलं आणि दारापाशीच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रमाकांतराव देवळात गेले होते, शंतनु कामावर. आतून बराच वेळ काही आवाज नाही. मग ताटली सरकल्याचा आवाज. मग खोकला.

एकदा. दुसऱ्यांदा जोरात. तिसऱ्यांदा घुसमटल्यासारखा.

पद्माताईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. निळे ओठ दिसले. पाय आपोआप वळले, हात कडीला लागला. सगळं अंग ओरडत होतं की आत जा, पाणी दे, पाठ चोळ, मेली पोर तर काय तोंड दाखवशील. आणि त्याच वेळी त्यांना दुसरंही कळत होतं. खोकतेय म्हणजे श्वास चालू आहे. त्या दिवशी आवाजच नव्हता. ही घंटा त्यांच्या डोक्यातली होती, पोरीच्या घशातली नव्हती. आत गेल्या असत्या तर मोकळं त्यांनाच वाटलं असतं, आणि पोर पुन्हा पहिल्या पायरीवर. त्यांनी कडी सोडली. दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि तिथेच खाली बसल्या. आयुष्यात इतकं अवघड काही त्यांनी केलं नव्हतं, आणि ते करायची वेळ आपणच आणली, याचा त्यांना एका क्षणासाठीही विसर पडत नव्हता.

खोकला थांबला. नाक ओढल्याचा आवाज आला. मग शांतता, मग पुन्हा ताटली सरकली. अर्धा तास गेला असेल.

दार उघडलं. प्रांजलीचा चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, डोळे सुजलेले. हातात ताटली होती, ताटलीत अर्धा फुलका उरलेला.

"अर्धा गेला," ती म्हणाली. "सुखा. पाण्याशिवाय."

पद्माताई भिंतीचा आधार घेत उठल्या. दोन वर्षं आणि नऊ दिवस जे मागायचं होतं ते आता तोंडाशी आलं. "प्रांजली," त्या म्हणाल्या, "मला एकदा माफ केलं म्हण ना गं."

प्रांजलीनं त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, दमणूक होती.

"आज नको, आई."

एकदाच म्हण, माझ्या गळ्याची शपथ, मनापासून नको म्हणूस हवं तर, पण म्हण; सगळे शब्द जिभेवर तयार होते, चाळीस वर्षांच्या सवयीचे. पद्माताईंनी ते गिळले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि तिच्या हातातून ताटली घेऊन घासायला आत गेल्या.